गजाचा आवाज

माझ्या कपाटात प्रार्थनापुस्तकांच्या शेजारी एक जुने छायाचित्र ठेवलेले आहे. ते १९९९ सालच्या उन्हाळ्यातील आहे. परभणी जिल्ह्यात मी तेव्हा नवाच आलो होतो. गुरुदीक्षेला पुरते वर्षही झाले नव्हते. जिंतूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या ओट्यावर पांढऱ्या झग्यातील एक तरुण धर्मगुरू उभा आहे. त्याच्या खांद्याला लांबलचक जुनी बंदूक लावलेली आहे. समोरच्या अंगणात घरातील चार मुले ओळीने उभी राहून हसत आहेत. सर्वांत धाकटा मुलगा नळीच्या तोंडापासून जेमतेम चार हातांवर आहे.

हे छायाचित्र मी कोणाला दाखवीत नसे. टाकूनही देत नसे. त्यामागची हकीगत आज वाचकांपुढे ठेवीत आहे, कारण ती सांगायला मी फार वर्षे लावली.

आमच्या धर्मग्रामातील त्या कुटुंबाला मी घरभेटीसाठी गेलो होतो. घरातील वडीलधारे गृहस्थ म्हणजे आबा. सत्तरी ओलांडलेले, काटक, मोजके बोलणारे. माजघरात खुंटीवर त्यांची बंदूक टांगलेली होती. ठासणीची बंदूक अनेकांनी पाहिली असेल. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे आणि गजाने ठासायचे, म्हणून ती ठासणीची. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे आणि आबांचा परवाना त्याच प्रकारचा होता. मात्र हल्ली दिसणाऱ्या ठासणीच्या बंदुका बहुधा टोपीच्या असतात. आबांची बंदूक त्याहून जुन्या घडणीची, म्हणजे चकमकीची होती. तिच्या घोड्याच्या जबड्यात दगड होता. आबांच्या वडिलांच्या काळापासून ती घरात होती.

मला तिचे फार अप्रूप वाटले. आबांची परवानगी घेऊन मी ती हातात घेतली, ओट्यावर आलो, मुलांना समोर उभे केले आणि आबांच्या मुलाच्या हाती कॅमेरा दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण मुले हसत होती आणि मलाही चेव आला. मी घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. खट् असा आवाज झाला, चार ठिणग्या उडाल्या, मुलांनी टाळ्या पिटल्या. एवढ्यात आबा दारात आले. त्यांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली आणि शांतपणे म्हणाले, “फादर, हे खेळणं न्हाई.” मला तो म्हातारपणाचा तुसडेपणा वाटला.

त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेची आणि विधानसभेची निवडणूक एकत्र आली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आबा ज्या दिवशी बंदूक जमा करणार होते त्याच्या आदल्या संध्याकाळी योगायोगाने मी त्यांच्या घरी होतो. ठाण्यात देण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी म्हणून त्यांनी गज काढला आणि नळीत सोडला. रिकाम्या नळीच्या तळाला लोखंडी गज आदळला की टण् असा खणखणीत आवाज होतो. तो आवाज झाला नाही. धप् असे काहीतरी वाजले. गजावर एक खाच होती. नळी रिकामी असेल तर ती खाच नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती चार बोटे वर राहिली होती.

घरात कोणी बोलेना. मग आबांच्या मुलाला आठवले. दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, खरिपाची ज्वारी हुरड्यात आली असताना रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरला होता. त्यांना आवाजाने हुसकावण्यासाठी त्याने बार भरला. पण पावसाची सर आली, वरची रंजक भिजली आणि बार उडालाच नाही. डुकरे आपसूक निघून गेली. घरी येऊन त्याने वाटीतील भिजलेली रंजक पुसली आणि बंदूक खुंटीला अडकविली. नळीतील बार तसाच राहिला.

अशा वेळी बार उडवून टाकावा असे कोणालाही वाटेल. आबांनी तसे केले नाही. इतके दिवस पडून राहिलेल्या दारूने नळी आतून किती खाल्ली आहे हे बाहेरून दिसत नसते. फुटली तर धरणाराच जायचा. त्यांनी नळीत कढत पाणी ओतले, ती उभी करून ठेवली आणि तासाभराने गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या. मागोमाग छर्रे निघाले, आणि शेवटी काळा चिखल. सुनेने पुढे केलेल्या सुपात ते छर्रे टपटपत पडत होते. सूनबाईंच्या पदराला धरून धाकटा उभा होता. मी मान खाली घातली होती. वर पाहिले तेव्हा आबा माझ्याकडेच पाहत होते. ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी दाबलेला चाप, उडालेल्या ठिणग्या, चार हातांवरचे ते पोर. मध्ये काय होते? वाटीत रंजक नव्हती आणि नळीच्या कानात गंज धरला होता, एवढेच. पुढे पापनिवेदनात मी हे सांगितले. माझे पापनिवेदन ऐकणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंनी विचारले, “त्या मुलाच्या आईला सांगितलेस का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “सांग.” मी हो म्हणालो, आणि सांगितले नाही.

दसऱ्याच्या सुमारास बंदूक ठाण्यातून परत आली तेव्हा मी आबांकडे गेलो आणि म्हणालो, “आबा, मला ही बंदूक शिकवा.” त्यांनी विचारले, “कशाला? मारायची हाय का?” मी म्हणालो, “नाही. रिकामी कशी असते ते कळायला हवे.” ते उत्तर त्यांना पटले असावे. परवाना आबांचा असल्यामुळे बार काढायचा तो त्यांनीच. मी त्यांच्यादेखत साफसफाई करायची, असे ठरले.

पहिले कितीतरी दिवस दारूचा कणही दिसला नाही. कोणतीही बंदूक हाती आली की ती भरलेली आहे असेच धरायचे आणि पहिल्याप्रथम गज टाकायचा, हा पहिला पाठ. तोंड माणसाकडे, घराकडे, जनावराकडे कधी वळवायचे नाही, हा दुसरा. तिसरा पाठ घोड्याचा. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा चामड्याच्या घडीत बसवून स्क्रूने आवळतात. नुसत्या लोखंडात दगड धरला तर तो हलतो आणि लवकर तडकतो. त्याची धार समोरच्या पोलादी पट्टीला सबंध रुंदीभर टेकली पाहिजे. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो, धार पट्टीला घासते, पट्टी मागे पडते आणि तिच्याखालची वाटी उघडी होते. वाटीत चिमूटभर बारीक दारू असते, तिला रंजक म्हणतात. ठिणगी रंजकेत पडते, रंजकेची ज्वाळा नळीच्या कुशीतील बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आत शिरते आणि मग मुख्य बार पेटतो.

ठिणगी दगडातून निघते अशीच माझी समजूत होती. वस्तुतः जळतात ते पोलादाचे कण. दगड फक्त पोलादाचा अतिसूक्ष्म कीस काढतो आणि तो कीस घर्षणाच्या उष्णतेने हवेत पेट घेतो. म्हणून पट्टी कठीण पोलादाची हवी आणि दगड पोलादाहूनही कठीण हवा. युरोपात यासाठी खडूच्या थरांत सापडणारा खास दगड वापरीत. इंग्लंडमधील ब्रँडन हे गाव त्या कामासाठी प्रसिद्ध होते. आपल्या काळ्या पाषाणात तो दगड नाही, परंतु त्याच्या पोकळ्यांत गारा आणि अकीक तयार होतात. नेवासे येथे डॉ. सांकलिया यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननात अशाच दगडाची हजारो वर्षांपूर्वीची पाती सापडली. आबा आपला दगड नदीच्या वाळवंटातून वेचून आणीत आणि धार बोथट झाली की पितळी दांडीने हलके टिचके मारून ती पुन्हा काढीत.

चौथा पाठ, आणि सर्वांत मोठा, धुण्याचा. बंदुकीच्या काळ्या दारूत साधारणतः पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक असतो. ती जळाल्यावर नळीत जी काजळी उरते ती हवेतील ओल शोषून घेते आणि पावसाळ्यात तर एका रात्रीत लोखंडाला गंज आणते. तिच्यावर नुसते तेल चोपडणे म्हणजे घाण झाकून ठेवणे. तिला पाणीच लागते. बार काढला त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत गजाने पुसायची, उन्हात वाळवायची, मगच तेलाचा हात. धुताना सडक्या अंड्यासारखी घाण येते. तेलाबद्दलही आबांची मते पक्की होती. आमच्या भागात करडई पिकते, म्हणून मी घरचे करडईचे तेल सुचविले. ते म्हणाले की करडईचे आणि जवसाचे तेल वाळून चिकट होते; जवस लाकडी दस्त्याला चांगली, लोखंडाला नव्हे. खोबरेल थंडीत थिजते. नळीला आणि घोड्याला शिलाईयंत्राचे तेल, तेही थेंबभर. आणि पुन्हा भरण्यापूर्वी तेवढेही पुसून काढायचे, नाहीतर दारू ओलावते.

भरणे सर्वांत शेवटी शिकविले. दारू मापानेच घालायची, शिंगातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आत विस्तव राहिला असेल तर सारे शिंग हातात फुटते. मग चिंधी, छर्रे, पुन्हा चिंधी. गज ठासताना तोंड नळीवर आणायचे नाही. रंजक थोडीच घालायची आणि ती अगदी शेवटी. उजव्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही, कारण कानातून ज्वाळेची पिचकारी तिकडेच उडते. आणि रंजक जळूनही बार उडाला नाही, तर बंदूक खाली घ्यायची नाही. तोंड दूर ठेवून मनात पूर्ण एक ‘प्रभूची प्रार्थना’ सावकाश म्हणायची. मिनिटाचे हे माप आबांनी माझ्यासाठी काढले होते. आत काही धुमसत असेल तर बार उशिरानेही उडतो.

त्या वर्षी शाळेतील मुलांना घेऊन मी शेजारच्या जालना जिल्ह्यातील असईला गेलो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे वेलस्लीच्या इंग्रज फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. दोन्हीकडच्या कवायती पायदळांच्या हाती चकमकीच्याच बंदुका होत्या. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द ब्वान्य या सेनानीने आग्र्याला त्या घडविण्याचा कारखानाच काढला होता. त्याआधी १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत निजामाचा फ्रेंच सेनानी रेमाँ हाही असेच पायदळ घेऊन आला होता. साडेचार किलोंच्या आसपास वजनाची ती बंदूक तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन वेळा उडवी. सेमिनरीत शिकताना आणि शाळेत शिकविताना असई म्हणजे माझ्या लेखी एक सनावळी होती. इंग्रजांकडचेच दीड हजारांवर मेले व जखमी झाले, हा आकडा मी फळ्यावर लिहीत असे. त्या दिवशी तो लिहिला आणि थांबलो. एका नळीतून सुपात पडलेल्या छर्ऱ्यांचा आवाज मी ऐकलेला होता.

वाचकांना नवल वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगतो. चकमकीच्या बंदुकीचा काळ संपविणारा मनुष्य एक धर्मसेवक होता. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाळक अलेक्झांडर फोर्साइथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. रंजकेचा भपका दिसताच पक्षी उडून जात, बार मागाहून उडे. या क्षणभराच्या विलंबावर उपाय म्हणून त्यांनी आघाताने पेटणारे मिश्रण वापरले आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच टोपीची बंदूक आली.

तो विलंब म्हणजे काय, हे मला स्वतःला कळायला आणखी बारा-तेरा वर्षे जावी लागली. वरिष्ठांनी मला अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात एका धर्मग्रामाच्या सेवेसाठी तीन वर्षे पाठविले. त्या राज्यात १९७४ पासून हरणाच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. तो सहसा नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पहिले रक्तसाक्षी संत स्तेफन यांच्या सणाला सुरू होतो आणि त्यात चकमकीचीच बंदूक वापरावी लागते. मिस्सा संपली की आमच्या धर्मग्रामातील माणसे बर्फात निघत. शिकारीला मी गेलो नाही. परंतु एका सद्‌गृहस्थाने मला नेमबाजीच्या मैदानावर नेले तेव्हा मी नाही म्हणालो नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना झाकणे, समोर कागदाचे लक्ष्य. त्यांनी बंदूक पुढे केली. मी आधी गज मागितला. ते हसले आणि म्हणाले, “फादर, तुम्हाला कोणीतरी नीट शिकविले आहे.”

माझा पहिला बार लक्ष्याच्या आसपासही गेला नाही. चाप दाबला, डोळ्यांसमोर रंजकेचा भपका उडाला, मी दचकून मान वळविली, हात ढिला पडला आणि त्यानंतर बार उडाला. दुसऱ्या वेळीही तेच. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले की नवशिक्याला चाप दाबला म्हणजे काम संपले असे वाटते. पण गोळी अजून नळीतच असते. घोडा सुटल्यावरही नेम सोडायचा नाही, आवाज होऊन धूर निवळेपर्यंत धरून ठेवायचा. तिसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले आणि तो क्षण मला दिसला. भपका, मग पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा अवकाश, मग बार. कागदाच्या कोपऱ्याला भोक पडले. आनंद झाला नाही असे म्हणणार नाही. पण त्या अवकाशात मला ओट्यासमोरचे चार चेहरे दिसले. १९९९ साली दाबलेला चाप माझ्या लेखी अजून पुरता सुटलेलाच नव्हता. ज्या बाईला सांगायचे तिला मी सांगितले नव्हते.

परदेशातून परतल्यावर काही वर्षांनी माझी पुन्हा परभणी जिल्ह्यात नेमणूक झाली. आबा तोवर देवाघरी गेले होते. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. मुलाने ते लगेच जमा केले, वारस म्हणून रीतसर अर्ज केला आणि पुढे परवाना त्याच्या नावावर झाला होता. गावी जाताना मी छायाचित्र बरोबर घेतले. जेवणे झाल्यावर सूनबाईंना म्हणालो, “बाई, तुम्हाला एक सांगायचे राहिले आहे.” आणि छायाचित्र पुढे ठेवून, घोडा ओढल्यापासून सुपातल्या छर्ऱ्यांपर्यंत सगळे सांगितले. सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

त्यांनी छायाचित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं, फादर. छर्रे काढले त्याच रात्री आबांनी सांगितलं. म्हणाले, घरात लेकरं हायेत, आईला ठाऊक पाहिजे.”

मी काय बोलणार? त्याच वर्षीच्या नाताळात ह्या माउलीने आपल्या धाकट्याला वेदीसेवक म्हणून माझ्याकडे पाठविले होते. तो मेणबत्ती धरून माझ्या शेजारी उभा राहत असे आणि मला वाटत असे की, त्यांना काही माहीत नाही म्हणूनच त्या पाठवितात. मी विचारले, “तरी तुम्ही मला काही बोलला नाहीत?” त्या म्हणाल्या, “आबा म्हणाले, ते आपणहून सांगतील. थोडा उशीर झाला, इतकंच.”

धाकटा आता तिशीकडे झुकलेला, स्वतः एका मुलीचा बाप. छायाचित्र पाहून तो हसला आणि आपल्या मुलीला म्हणाला, “हा बघ मी.” रानडुकरांचा उपद्रव अजून आहे, रोही कळपाने येतात. वनखात्याच्या परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही, म्हणून बंदुकीचे काम आवाजापुरतेच. त्या संध्याकाळी शेतावर जाण्याआधी त्याच्या वडिलांनी ती खुंटीवरून काढली. पोरगी धावत पुढे आली. धाकट्याने तिला उचलून मागे उंबऱ्याच्या आत नेऊन उभे केले आणि तिला म्हणाला, “आधी आवाज ऐकायचा.”

वडिलांनी नळीचे तोंड आभाळाकडे केले आणि गज आत सोडला. आम्ही सारे गप्प उभे होतो.

टण्.